एका उपवाक्याला एकच नकार
(इंग्रजीतील दुहेरी नकार आणि उच्च प्राथमिक शाळेतील विद्यार्थी)

ग्रामपंचायतीच्या सभेत अविश्वासाचा ठराव मांडला जातो, मतदान होते आणि ठराव नामंजूर होतो. सभागृहाबाहेर थांबलेल्या ग्रामस्थांना ही बातमी कळताच तिचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगावा लागत नाही. ‘अविश्वास’ या शब्दातील ‘अ’ हा एक नकार आणि ‘नामंजूर’ या शब्दातील ‘ना’ हा दुसरा. दोन्ही नकारांनी एकमेकांना छेद दिला आणि सरपंचांचे पद कायम राहिले, एवढा हिशेब प्रत्येकाच्या मनात आपोआप होतो. व्याकरणाचे पुस्तक न उघडताही मराठी माणूस दोन नकारांचा होकार करू शकतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण शोधण्याची गरज नाही.

त्याच गावातील सातवीचा विद्यार्थी इंग्रजीच्या तासाला मात्र अडखळतो. ‘मी काहीच पाहिले नाही’ या साध्या वाक्याचे भाषांतर तो ‘आय डिड नॉट सी नथिंग’ असे करतो. शिक्षक त्या वाक्यावर तांबडी रेघ ओढतात, शेजारी बरोबर वाक्य लिहितात आणि पुढच्या वहीकडे वळतात. आपले काय चुकले, हे विद्यार्थ्याला कळत नाही. त्याने तर मराठी वाक्यातील एकेका शब्दाला इंग्रजीतील एकेक शब्द प्रामाणिकपणे दिलेला असतो. पुढच्या आठवड्यात तीच चूक पुन्हा होते आणि ‘या मुलाला इंग्रजी जमत नाही’ असा शेरा मारला जातो. मुलगाही हळूहळू त्यावर विश्वास ठेवू लागतो.

महाराष्ट्रात सन २००० पासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी विषय शिकवला जात आहे. त्यामुळे सहावी ते आठवीच्या टप्प्यावर येणाऱ्या विद्यार्थ्याजवळ शब्दांचा बऱ्यापैकी साठा असतो. आता त्याला वाक्ये रचावयाची असतात आणि नेमक्या याच वयात दुहेरी नकाराची चूक वारंवार दिसून येते. ही चूक अज्ञानातून होत नाही. मराठीच्या ज्ञानातून ती होते. तिचे मूळ मराठी वाक्यरचनेत शोधले, तर ती दूर करण्याचा मार्गही तेथेच सापडतो.

नकाराचे घर कोठे?

मराठीत नकार प्रामुख्याने क्रियापदापाशी वस्तीला असतो. नाही, नको, नये, नव्हे, नसणे अशी त्याची निरनिराळी रूपे आहेत; परंतु सामान्यतः ती वाक्याच्या शेवटी, क्रियापदाच्या अंगाने येतात. कोणी, काही, कधी, कुठे हे शब्द स्वतः नकारार्थी नसतात. ‘कोणीही यावे’ असे म्हटले की ते निमंत्रण होते; ‘कोणीही आले नाही’ असे म्हटले की तो नकार होतो. दोन्ही वाक्यांत ‘कोणीही’ हा शब्द तोच आहे. ‘कधीही या’ आणि ‘कधीही येऊ नका’ या जोडीचेही तसेच आहे. ‘तो कधीच गेला’ याचा अर्थ तो केव्हाच निघून गेला, असा होतो. ‘तो कधीच गेला नाही’ याचा अर्थ त्याच्या अगदी उलट. ‘कधीच’ या शब्दाच्या पोटात नकार असता, तर पहिले वाक्य संभवलेच नसते.

इंग्रजीतील स्थिती वेगळी आहे. ‘नोबडी’, ‘नथिंग’, ‘नेव्हर’, ‘नोव्हेअर’, ‘नन’ आणि ‘नायदर’ हे शब्द आपला नकार स्वतःबरोबर घेऊन येतात. ‘नेव्हर’ या एका शब्दात मराठीतील ‘कधीच’ आणि ‘नाही’ हे दोन्ही शब्द सामावलेले आहेत. पाठ्यपुस्तकाच्या शब्दार्थांतही ‘नेव्हर’ म्हणजे ‘कधीच नाही’ असेच दिलेले असते. परंतु विद्यार्थी भाषांतर करू लागतो तेव्हा ‘कधीच’ साठी ‘नेव्हर’ योजतो. मराठी वाक्यातील ‘नाही’ शिल्लक राहतो आणि त्यासाठी तो ‘नॉट’ आणतो. ‘तो कधीच उशिरा येत नाही’ याचे ‘ही डझ नॉट नेव्हर कम लेट’ असे होते. एका नकाराची किंमत दोनदा चुकती केली जाते.

म्हणून शिक्षकांनी पहिली गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवावी ती अशी : मराठीतील ‘कधीच’ चा खरा जोडीदार ‘एव्हर’ आहे, ‘नेव्हर’ नव्हे. ‘काहीही’ चा जोडीदार ‘एनीथिंग’, ‘कोणीही’ चा ‘एनीबडी’ आणि ‘कुठेही’ चा ‘एनीव्हेअर’. ही जोडी एकदा नीट जुळली, की निम्मी चूक आपोआप नाहीशी होते.

नियम आणि त्याच्या दोन वाटा

आजच्या प्रमाण इंग्रजीचा नियम थोडक्यात असा सांगता येईल : एका उपवाक्यात एकच नकार असावा. तो नकार कोठे ठेवावयाचा, याच्या दोन वाटा आहेत.

पहिल्या वाटेने नकार क्रियापदापाशी ‘नॉट’ च्या रूपाने ठेवावा आणि पुढील शब्द ‘एनी’ च्या कुळातील घ्यावा : ‘आय डिड नॉट सी एनीथिंग.’ दुसऱ्या वाटेने क्रियापद होकारार्थी ठेवावे आणि नकाराचा भार पुढील शब्दावर द्यावा : ‘आय सॉ नथिंग.’ दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. बोलण्यात पहिली वाट अधिक रुळलेली आहे. दुसऱ्या वाटेने नकाराला थोडा अधिक जोर येतो. दोन्ही वाटांवर एकाच वेळी पाय ठेवला, की घोटाळा होतो.

दुसरी वाट पत्करताना आणखी एक दक्षता घ्यावी लागते. ‘नॉट’ गेला की त्याला आधार देणारे ‘डू’, ‘डझ’ किंवा ‘डिड’ हे साहाय्यक क्रियापदही जाते आणि मुख्य क्रियापदाला आपले रूप परत घ्यावे लागते. ‘शी डझ नॉट वॉन्ट एनीथिंग’ याचे ‘शी वॉन्ट्स नथिंग’ होते. ‘शी वॉन्ट नथिंग’ होत नाही. ‘डिड नॉट सी’ मधील ‘सी’ चे ‘सॉ’ करावे लागते. दुहेरी नकार दुरुस्त करताना विद्यार्थी बहुधा येथे घसरतो. म्हणून ही पायरी फळ्यावर स्वतंत्रपणे दाखवणे हिताचे ठरते.

तिसरी दक्षता कर्त्याविषयीची आहे. ‘एनी’ चे शब्द शिकवल्यावर हुशार विद्यार्थी ‘कोणीही आले नाही’ याचे ‘एनीबडी डिड नॉट कम’ असे भाषांतर करतो. येथे नकार एकच आहे, तरीही वाक्य अशुद्ध आहे. मराठीत नकार शेवटी आला तरी त्याचा अंमल आधीच्या शब्दांवर चालतो. इंग्रजीत मात्र ‘एनी’ च्या कुळातील शब्दापूर्वी नकार यावा लागतो. ‘एनीबडी’ कर्त्याच्या जागी, म्हणजे वाक्याच्या आरंभीच बसला, तर त्याच्या आधी नकाराला जागाच उरत नाही. अशा वेळी दुसरी वाट हीच खरी : ‘नोबडी केम.’

नियमाचा इतिहास

हा नियम इंग्रजीत आरंभापासून होता, असे मानण्याचे कारण नाही. जुन्या इंग्रजीत क्रियापदापूर्वी ‘ने’ हा नकार येत असे आणि त्याच वाक्यात दुसरे, प्रसंगी तिसरे नकारार्थी शब्दही येत. हे नकार एकमेकांना छेद देत नसत. उलट एकमेकांचा जोर वाढवीत. चौदाव्या शतकातील कवी चॉसर यांच्या लेखनात अशी वाक्ये सहज आढळतात. शेक्सपिअर (१५६४-१६१६) यांच्या नाटकांतही ती आहेत. मात्र पुढे सुशिक्षितांच्या लेखनातून ही पद्धत मागे पडत गेली.

अठराव्या शतकात इंग्रजीची व्याकरणे मोठ्या संख्येने लिहिली जाऊ लागली, तेव्हा या बदलाला नियमाचे रूप मिळाले. जेम्स ग्रीनवुड यांच्या १७११ मधील व्याकरणात दोन नकारांचा होकार होतो, असे नमूद केलेले आहे. रॉबर्ट लाउथ यांचे व्याकरण १७६२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. त्याच्या पुढील आवृत्तीत हा नियम आला. लिंडले मरे यांचे १७९५ मधील व्याकरण इंग्लंड आणि अमेरिका या दोन्ही देशांतील शाळांत दीर्घकाळ वापरले गेले आणि त्याच्या द्वारे हा नियम घराघरांत पोहोचला. दोन नकारांनी मूळचा होकारार्थ सूचित होतो, हा विचार संस्कृत शास्त्रकारांनाही परिचित होता, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

तथापि बोलीभाषा व्याकरणकारांची वाट पाहत थांबत नाहीत. इंग्लंडमधील अनेक बोलींत आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीत एका वाक्यात दोन-तीन नकार आजही येतात आणि ऐकणाऱ्याला त्यांचा अर्थ नकारच समजतो. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लॅबॉव्ह यांनी अशा बोलींतील नकारही ठरावीक नियमांनी बांधलेले असतात, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभ्यासाने दाखवून दिले. फ्रेंचच्या लेखी भाषेत नकाराचे दोन शब्द क्रियापदाच्या दोन्ही बाजूंना येतात. स्पॅनिश आणि रशियन भाषांतही ‘कोणी नाही’ या अर्थाच्या शब्दाबरोबर आणखी एक नकार येऊ शकतो. डॅनिश भाषापंडित ओटो येस्पर्सेन यांनी १९१७ मध्ये इंग्रजी व इतर भाषांतील नकारावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. भाषेगणिक नकाराच्या चालीरीती किती बदलतात, हे त्यातून दिसून येते.

शिक्षकाच्या दृष्टीने या इतिहासाचे महत्त्व मोठे आहे. दुहेरी नकार करणारा विद्यार्थी मंदबुद्धीचा नसतो. जगातील अनेक समाज ज्या रीतीने बोलतात, त्या रीतीने त्याने वाक्य रचलेले असते. शाळेत, परीक्षेत आणि पत्रव्यवहारात जी प्रमाण भाषा अपेक्षित आहे, तिची रीत वेगळी आहे, एवढेच त्याला सांगावयाचे असते. ‘हे मूर्खपणाचे आहे’ असे सांगणे आणि ‘येथे अशी रीत आहे’ असे सांगणे, यांत फार मोठे अंतर आहे.

लपून बसलेले नकार

‘नॉट’ आणि ‘नो’ हे नकार डोळ्यांना दिसतात. काही शब्द मात्र आपला नकार लपवून ठेवतात आणि विद्यार्थ्याची खरी परीक्षा तेथे होते.

‘हार्डली’, ‘स्केअर्सली’ आणि ‘बेअरली’ हे तीन शब्द ‘जेमतेम’, ‘क्वचितच’ किंवा ‘मुश्किलीने’ या अर्थाचे आहेत. त्यांतील ‘हार्डली’ आणि ‘स्केअर्सली’ नकाराच्या अगदी उंबरठ्यावर उभे असतात. ‘बेअरली’ त्यांच्या मागोमाग येतो. ‘त्याला नीट चालताही येत नाही’ याचे ‘ही कॅन नॉट हार्डली वॉक’ असे भाषांतर केले जाते. ‘ही कॅन हार्डली वॉक’ एवढ्याने काम भागते. ‘सेल्डम’ आणि ‘रेअरली’ या शब्दांनाही ‘नॉट’ ची सोबत द्यावी लागत नाही. ‘विदाउट’ म्हणजे ‘शिवाय’. त्यातही नकार आहेच. म्हणून ‘विदाउट नो बुक्स’ असे न म्हणता ‘विदाउट एनी बुक्स’ असे म्हणावे.

‘अनलेस’ हा शब्द सर्वांत फसवा आहे. त्याचा अर्थ ‘जर... नाही तर’ असा होतो. ‘तू अभ्यास केला नाहीस तर नापास होशील’ हे सांगण्यासाठी ‘अनलेस यू स्टडी, यू विल फेल’ असे म्हणावयास हवे. विद्यार्थी मराठीतील ‘नाहीस’ सोडावयास तयार नसतो आणि ‘अनलेस यू डू नॉट स्टडी, यू विल फेल’ असे लिहितो. या वाक्याचा शब्दशः अर्थ ‘तू अभ्यास केलास तर नापास होशील’ असा होतो. उपदेश करावयाचा तो उलटाच झाला.

‘अनटिल’ चेही असेच आहे. ‘जोपर्यंत तो येत नाही, तोपर्यंत येथे थांब’ या मराठी वाक्यात ‘नाही’ अगदी स्वाभाविक आहे. इंग्रजीत तो ओलांडून आणला की ‘वेट हिअर अनटिल ही डझ नॉट कम’ असे विचित्र वाक्य तयार होते. ‘वेट हिअर अनटिल ही कम्स’ हेच योग्य. विद्यार्थ्यांना आधी मराठी वाक्य बदलावयास सांगावे. ‘जोपर्यंत तो येत नाही’ याऐवजी ‘तो येईपर्यंत’ असे म्हटले की नकार गळून पडतो आणि इंग्रजी वाक्य आपोआप सरळ होते. मराठीनेच मराठीची अडचण दूर करण्याचा हा मार्ग आहे.

हा प्रश्न केवळ गुणांचा नाही. मळणीयंत्रावर, विजेच्या पेटीवर किंवा कीटकनाशकाच्या डब्यावर छापलेल्या सूचना पुष्कळदा इंग्रजीत असतात आणि घरातील शाळकरी मुलालाच त्या वाचून दाखवाव्या लागतात. ‘डू नॉट ओपन अनटिल द मशीन हॅज स्टॉप्ड’ या सूचनेचा अर्थ ‘यंत्र थांबेपर्यंत झाकण उघडू नये’ असा आहे. सूचनेत नकार किती आहेत आणि तो कोणत्या क्रियेला लागू आहे, हे मुलाला अचूक कळले नाही, तर त्याची किंमत घरातील कोणाच्या तरी हाताला मोजावी लागेल.

जेथे दोन नकार शोभतात

नियम शिकवताना त्याच्या मर्यादाही सांगणे आवश्यक असते. नाहीतर विद्यार्थी शुद्ध वाक्यालाही घाबरू लागतो.

पहिली मर्यादा अशी की, दोन उपवाक्यांत प्रत्येकी एक नकार असू शकतो. ‘आय डिड नॉट गो बिकॉज आय वॉज नॉट वेल’ हे वाक्य पूर्णपणे शुद्ध आहे. म्हणूनच ‘एका वाक्यात एकच नकार’ असे न सांगता ‘एका उपवाक्यात एकच नकार’ असे सांगावे. ‘नो, आय डिड नॉट सी हिम’ हेही शुद्ध आहे. येथील ‘नो’ हे प्रश्नाचे स्वतंत्र उत्तर असून स्वल्पविरामाने ते वेगळे केलेले आहे. ‘नायदर’ आणि ‘नॉर’ ही जोडी एकत्र येते, तीही दुहेरी नकार मानली जात नाही. ‘नायदर राम नॉर श्याम केम’ या वाक्यात एकच नकार दोघांत वाटून दिलेला आहे. मात्र ‘ही डिड नॉट ईट नायदर राइस नॉर ब्रेड’ असे म्हटले की त्यात तिसरा आगंतुक शिरतो. तेथे ‘नॉट’ ठेवावयाचा असेल, तर ‘आयदर’ आणि ‘ऑर’ ही जोडी घ्यावी.

दुसरी मर्यादा हेतुपूर्वक केलेल्या दुहेरी नकाराची आहे. ‘देअर इज नोबडी इन द व्हिलेज हू डझ नॉट रिस्पेक्ट हर’ याचा अर्थ गावातील प्रत्येक जण तिचा मान राखतो. मराठीतही ‘गावात तिला मान देत नाही असा कोणी नाही’ असे म्हटले जाते. ‘पाऊस आल्याशिवाय राहणार नाही’, ‘हे काम अशक्य नाही’, ‘तसे नाही असे नाही’ ही वाक्ये रोजच्या बोलण्यातील आहेत. त्यांत दोन नकार मिळून होकार होतो, हे विद्यार्थ्याला उपजतच ठाऊक असते. इंग्रजीतील ‘नॉट इम्पॉसिबल’ आणि ‘नॉट अनहॅपी’ या प्रयोगांचा मार्गही हाच. ‘नॉट अनहॅपी’ म्हणजे अगदी आनंदी नव्हे, तर दुःखी म्हणता येणार नाही असा. त्यातील होकार किंचित हात राखून दिलेला असतो.

कार्यालयातील नकार

येथे शासकीय कार्यालयांनीही थोडे आत्मपरीक्षण करावे, हे उचित ठरेल. हात राखून दिलेला होकार कार्यालयीन लेखनाला विशेष प्रिय असतो. ‘सदर विनंती अमान्य करण्याचे कारण दिसत नाही’, ‘अर्जदार अपात्र ठरत नाही’, ‘ही शक्यता नाकारता येत नाही’ अशी वाक्ये टिपण्यांत पदोपदी भेटतात. ‘ना-हरकत प्रमाणपत्र’ हा शब्द तर गावोगावी रूढ झालेला आहे. हरकत म्हणजे अडथळा आणि त्याला ‘ना’ म्हणजे मोकळीक. एवढ्यापर्यंत सामान्य नागरिकाला अर्थ लागतो. परंतु ‘ग्रामपंचायतीची हरकत नाही असे म्हणता येणार नाही’ असे उत्तर त्याच्या हाती पडले, तर अर्ज मंजूर झाला की नामंजूर, हे विचारण्यासाठी त्याला पुन्हा कचेरी गाठावी लागते. ‘ग्रामपंचायतीची हरकत आहे’ हे तीन शब्द कमी लांबीचे आहेत आणि त्यांना जबाबदारीही घ्यावी लागते. कदाचित म्हणूनच ते टाळले जातात.

इंग्रजीत लिहिणाऱ्यांनाही हा मोह होतोच. इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ मधील आपल्या एका निबंधात ‘नॉट अन’ अशा जोडरचनांच्या हव्यासाची भरपूर थट्टा केली होती. शिक्षक वर्गात ज्या चुकीवर तांबडी रेघ ओढतात, तिच्यातील गोंधळाचा सुधारून वाढवलेला अवतार जर सूचनाफलकावर आणि परिपत्रकांत दिसू लागला, तर विद्यार्थ्याने कोणाचा आदर्श ठेवावा, हा प्रश्न उरतोच.

याच्या दुसऱ्या टोकाला अर्जदार उभा असतो. ‘आपणास यापूर्वी कोणतीही शिष्यवृत्ती मिळालेली नाही’ असे सातवीतील एखादी मुलगी प्रामाणिकपणे सांगू इच्छिते आणि ‘आय हॅव नॉट रिसीव्हड नो स्कॉलरशिप’ असे लिहून जाते. समजूतदार वाचक तिचा भाव ओळखील. परंतु प्रतिज्ञापत्र, तक्रार अर्ज किंवा जबाब अशा कागदांवर भावापेक्षा अक्षरांना अधिक वजन असते. आपण जे म्हणालो, तेच कागदावर उमटले पाहिजे, एवढे सामर्थ्य शाळेने प्रत्येक मुलाला दिले पाहिजे.

नकारार्थी प्रश्नाचे उत्तर

दुहेरी नकाराला लागूनच आणखी एक अडचण आहे. ‘तू गृहपाठ केला नाहीस का?’ या प्रश्नाला मराठी मुलगा ‘हो, नाही केला’ असे उत्तर देतो. येथील ‘हो’ प्रश्नकर्त्याच्या म्हणण्याशी सहमती दाखवतो. इंग्रजीत मात्र ‘येस’ किंवा ‘नो’ हे उत्तराच्या क्रियापदाशी जुळावे लागतात. गृहपाठ केला असेल तर ‘येस, आय डिड’. केला नसेल तर ‘नो, आय डिड नॉट’. मग प्रश्न होकारार्थी असो वा नकारार्थी. ‘येस, आय डिड नॉट’ हे उत्तर मुलाखतीत ऐकणाऱ्याला बुचकळ्यात टाकते. ‘नो’ असेल तेथे ‘नॉट’, ‘येस’ असेल तेथे ‘नॉट’ नाही, एवढी खूणगाठ पुरेशी आहे.

वर्गातील चार तासिका

हा घटक एका तासात संपवण्यापेक्षा चार छोट्या टप्प्यांत शिकवणे अधिक फलदायी ठरते.

पहिल्या तासिकेत इंग्रजीला हात न लावता मराठीतील नकार शोधावेत. ‘कोणीही यावे’ आणि ‘कोणीही आले नाही’, ‘तो कधीच गेला’ आणि ‘तो कधीच गेला नाही’ अशा जोड्या फळ्यावर लिहून नकार नेमका कोणत्या शब्दात आहे, हे विद्यार्थ्यांनाच ओळखू द्यावे. आपल्या भाषेची रचना स्वतः शोधून काढण्याचा आनंद या वयात मोठा असतो.

दुसऱ्या तासिकेत ‘एनीबडी-नोबडी’, ‘एनीथिंग-नथिंग’, ‘एनीव्हेअर-नोव्हेअर’, ‘एव्हर-नेव्हर’, ‘आयदर-नायदर’ या जोड्यांच्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या कराव्यात. ‘नॉट’ ची चिठ्ठी हाती घेतलेल्या मुलाशेजारी ‘एनी’ च्या घरातील मुलानेच उभे राहावे. ‘नो’ च्या घरातील मूल आले की ‘नॉट’ ने खाली बसावे. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर हा खेळ होतो. त्याला खर्च नाही.

तिसऱ्या तासिकेत गणिताची मदत घ्यावी. पूर्णांक संख्यांच्या पाठात ऋण संख्येला ऋण संख्येने गुणले की उत्तर धन येते, हे विद्यार्थी शिकतात. प्रमाण इंग्रजीतील दोन नकार असा गुणाकार करतात. बोलींतील नकारांची मात्र बेरीज होते. दोन ऋण संख्यांची बेरीज ऋणच राहते. एवढ्या एका तुलनेने नियम आणि त्याचा इतिहास दोन्ही लक्षात राहतात.

चौथ्या तासिकेत पुढील वाक्ये सोडवून घ्यावीत.

१. ‘शी डझ नॉट वॉन्ट नथिंग.’
२. ‘वी नेव्हर गो नोव्हेअर ऑन संडे.’
३. ‘देअर इज नॉट नो वॉटर इन द टँक.’
४. ‘आय कॅन नॉट हार्डली हिअर यू.’
५. ‘डू नॉट क्रॉस अनटिल द ट्रेन हॅज नॉट पास्ड.’
६. ‘एनीबडी डिड नॉट आन्सर.’
७. ‘ही केम विदाउट नो मनी.’
८. ‘नो, वी हॅव नॉट सीन इट.’

उत्तरे अशी : पहिल्या वाक्यात ‘एनीथिंग’ घ्यावे किंवा ‘शी वॉन्ट्स नथिंग’ म्हणावे. दुसऱ्यात ‘नेव्हर’ ठेवून ‘एनीव्हेअर’ घ्यावे. तिसऱ्यात ‘नॉट’ किंवा ‘नो’ यांपैकी एकच ठेवावा. ‘नॉट’ ठेवल्यास ‘एनी वॉटर’ म्हणावे. चौथ्यात ‘नॉट’ गाळावा. पाचव्यातील दुसरा ‘नॉट’ गाळावा; तो राहिला, तर सूचना निरर्थक होते आणि फाटकापाशी उभ्या असलेल्या माणसाला तिचा काहीच उपयोग होत नाही. सहाव्याचे ‘नोबडी आन्सर्ड’ करावे. सातव्यात ‘एनी मनी’ घ्यावे. आठवे वाक्य मुळातच शुद्ध आहे आणि ते मुद्दामच दिलेले आहे. शुद्ध वाक्य तसेच राहू देण्याचे धैर्यही विद्यार्थ्यांच्या अंगी यावयास हवे.

वह्या तपासताना शिक्षकांनी चुकीच्या वाक्यावर काट मारण्याऐवजी त्यातील प्रत्येक नकाराखाली एक बिंदू द्यावा आणि वही परत करावी. एका उपवाक्याखाली दोन बिंदू दिसले, की चूक कोठे आहे, हे विद्यार्थ्याला स्वतःलाच कळते आणि कोणता नकार ठेवावयाचा, याचा निर्णयही तोच घेतो. तांबड्या रेघेने जे साधत नाही, ते या बिंदूंनी साधते.

परकी भाषा शिकणे म्हणजे आपली भाषा विसरणे नव्हे. ‘कोणीही आले नाही’ हे वाक्य मराठीत जितके निर्दोष आहे, तितकेच ‘नोबडी केम’ हे इंग्रजीत निर्दोष आहे. एकीने नकार वाक्याच्या शेवटी ठेवला, दुसरीने तो आरंभीच सांगून टाकला. दोन घरांच्या या दोन रीती ज्या विद्यार्थ्याला उमगल्या, त्याला इंग्रजीचे भय राहणार नाही. उद्या तोच विद्यार्थी ग्रामपंचायतीत सदस्य म्हणून किंवा कचेरीत लिपिक म्हणून बसेल, तेव्हा अर्ज घेऊन आलेल्या नागरिकाला ‘आहे’ किंवा ‘नाही’ यांपैकी एक उत्तर सरळपणे लिहून देईल.